वैजूचा आगलावे

गुरुवारी सकाळी, दुधाला उकळी यायच्या सुमारास, सगळं कराड एकदम एकच बोलायचं. स्टँडवर बसची वाट बघणारे, मंडईत मेथीची जुडी हातात धरून भाव करणारे, दवाखान्यात नंबर लावून बसलेले, सगळे. ज्याच्या त्याच्या कानात अनंत आगलावे टेबलावर स्टीलचा पेला वाजवायचा, घसा खाकरायचा आणि विचारायचा, "ऐकतंय कोण?" आणि ज्याच्या त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "हाय की!"

परगावच्या माणसाला वाटावं, या गावाला झालंय तरी काय. एकदा म्हणे मयताहून परतताना दोघा पाहुण्यांच्या तोंडून चुकून 'हाय की' निघालं. दोघे शरमेनं मान खाली घालून उभे राहिले, तर मयताचा सख्खा भाऊच हसला आणि म्हणाला, "अण्णा पण ऐकत होता ओ."

आगलावे जवळच्याच एका खेड्यातला. त्याच्या पॉडकास्टमध्ये ना पाहुणा, ना गाणं, ना पेटी-तबला. एका बंद खोलीत बसून एकटा माणूस अर्धा तास बोलायचा. त्याची आई, त्याची शाळा, चुलत्यानं घेतलेला जुना ट्रॅक्टर, तो ट्रॅक्टर बघायला आलेलं गाव. एवढंच. पण रिक्षांच्या पाठीवर 'हाय की' लिहिलेलं असायचं, चहाच्या दुकानाचं नाव 'हाय की' होतं, आणि एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या इकबाल मुल्लांनी 'हाय की मंडळ' काढलं होतं. दर रविवारी सकाळी ते प्रीतिसंगमाच्या बागेत जमायचं आणि गुरुवारचा भाग पुन्हा एकमेकांना सांगायचं. सगळ्यांनी ऐकलेलंच असायचं, तरी सांगायचं. आमच्या लहानपणी सिनेमा बघून आलेली माणसं पारावर बसून तो सिनेमा बघून आलेल्यांनाच सांगत, तसं.

सोमवार पेठेतल्या थोरवड्यांच्या घरात हा आगलावे दोघींचा होता. थोरली लीलाबाई, जिला सगळे अक्का म्हणायचे, आणि धाकटी वैजयंता, म्हणजे वैजू. दोघी सख्ख्या जावा. दोघींचे नवरे गेले, सासू-सासरे तर केव्हाच गेले. अक्काला मूलबाळ नव्हतं. वैजूचा एकुलता सत्यजित पुण्यात नोकरीला. आता घरात या दोघी आणि खिडकीत ठेवलेला जुना स्पीकर. भाजी निवडता निवडता दोघी ऐकायच्या, आणि ऐकता ऐकता भाजी निवडायची राहून जायची.

दोघींच्या हसण्यात फरक होता, आणि त्याला कारण होती सासू.

आत्याबाई वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. सुनेचा हसण्याचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून सोप्यात जाता कामा नये, हा त्यांचा कायदा. आणि त्यांची दुसरी सवय अशी, की सुनांची गाऱ्हाणी त्या शेजारणीला न सांगता देवाला सांगायच्या. सकाळी पूजेला बसल्या की पालीच्या खंडोबाच्या टाकासमोर, सुनांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं सुरू व्हायच्या. खंडेराया, थोरलीनं काल चहात साखर किती घातली बघितलंस का. खंडेराया, धाकटी माहेरची चिठ्ठी दोनदा वाचते. आणि इकडे चुलीपाशी अक्का भाकरी थापता थापता, ओठ न हलवता, जाड आवाजात देवाच्या वतीनं उत्तर द्यायची, "बाई, माझ्याच घरात दोन हाईत. मी तुला काय सांगू?"

म्हाळसा आणि बाणाईच्या त्या गांजलेल्या नवऱ्याचा आवाज अक्का असा काढायची की वैजूची धडगत नसायची. हसू तर येतंय आणि सोप्यात आवाज जाता कामा नये. मग पदराचा बोळा तोंडात कोंबायचा, श्वास धरायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि खांदे गदगदा हलू द्यायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पोट दुखायला लागायचं, पण आवाज म्हणून एक नाही.

आत्याबाई गेल्या, वर्ष सरलं, आणि अक्का मोकळी हसायला लागली. अशी, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आत काय चाललंय ते कळावं. वैजूला ते जमलं नाही. तिचं हसू त्या पदरातच मुरलं होतं. सासू नसली तरी हात आपोआप पदराकडे जायचा.

मग एका दिवाळीला सत्यजितनं दोघींसाठी कानमणी पाठवले.

ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, कानात बसला की विसरून जावा असा तो मणी. तोवर पुण्या-मुंबईत सगळ्यांच्या कानात तो आलेला होता. त्याचं शास्त्र तसं साधं. हसू तोंडात सुरू होत नाही, ते बरगड्यांखालच्या पडद्यात सुरू होतं. तो पडदा बारीक बारीक धक्के देतो, श्वास तुटक होतो, जबडा हलतो, कानाशेजारची नाडी पळायला लागते, आणि आवाज या सगळ्यानंतर येतो. मणी हे कानाच्या आतूनच ओळखायचा. माणसाला हसू येणार हे माणसाच्या आधी मण्याला कळायचं.

त्याचा उपयोग आगलावेनं असा केला, की तो आता एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगून ठेवायचा. एकदा धमाल, एकदा तिरकस, एकदा संथ, एकदा अगदी हळवी. त्यातली कुणाला कुठली ऐकवायची, कुठं थांबायचं, किती थांबायचं, ते मणी ठरवायचा. शब्द आगलावेचे, आवाजही त्याचाच, निवड फक्त मण्याची. जो लवकर हसतो त्याच्यासाठी घाई, जो सावकाश हसतो त्याच्यासाठी दम. हरेकाच्या मापाचा आगलावे. ब्लाउज बेतावा तसा बेतलेला.

लोक तर वेडेच झाले. आधी आवडत होता, आता तो आपल्या घरचा वाटायला लागला. मंडळात आता माणसं विचारायची, "तुमचा आगलावे काय म्हणाला?" मुल्लाभाईंचा आगलावे एसटीतल्या गोष्टी फार सांगायचा. तालमीतल्या पोरांचा शिव्या द्यायचा. बागेत हशा पहिल्यापेक्षा मोठा होता, फक्त एकदम होत नव्हता. एक हसून संपला की दुसरा सुरू.

घरात मात्र पहिली ठिणगी बिस्किटावरून पडली.

आगलावेनं आईच्या भुवयांची गोष्ट सांगितली होती. पाहुणे आले की त्यांच्यासमोर बिस्किटाचा पुडा फुटायचा आणि आई भुवयांनी पोरांना खुणा करायची. घे. नको घेऊ. घेतलंस तर पाहुणे गेल्यावर बघते. 'मी आयुष्यात पहिली भाषा शिकलो ती भुवयांची,' तो म्हणाला. इथवर दोघींनी एकच ऐकलं. पुढं अक्काच्या आगलावेकडं पाहुण्याचं बिस्कीट चहात बुडालं, पाहुण्यानं ते बोटानं काढायचा प्रयत्न केला आणि आईच्या भुवया जे वर गेल्या ते आजतागायत खाली आल्या नाहीत. अक्का हसून हसून पाटावरून कलंडली. आणि बघते तर वैजू डोळे पुसतेय.

वैजूच्या आगलावेनं आवाज खाली आणला होता. 'पाहुणे गेले की पुड्यात एखादं उरायचं,' तो म्हणाला होता. 'ते आम्ही तिघं भावंडं वाटून खायचो. आईनं त्या पुड्यातलं कधी खाल्लं का, ते आम्ही कुणी बघितलंच नाही. भुवया वाचायला शिकलो, पण तेवढं वाचायचं राहिलं.'

अक्का म्हणाली, असं काही तो बोललाच नाही. वैजू म्हणाली, बोलला. अक्का म्हणाली, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? वैजू म्हणाली, चहात बिस्कीट बुडालेलं मीही ऐकलं नाही, मग तुमचं कुठं हाय? त्या दिवशी दोघी दोन खोल्यांत जेवल्या. संध्याकाळी शेजारच्या पोरीनं मणी कसा चालतो ते समजावलं तेव्हा समेट झाला, पण त्यानंतर गुरुवारी दोघी शेजारी बसून आपापलं ऐकायला लागल्या.

आणि वैजूचा आगलावे दर आठवड्याला जास्त हळू होत गेला. भुवयांची खूण ऐकताना तिला हसू आलंच होतं, ते तिनं नेहमीसारखं पदरात दाबलं होतं. तसं ती दर वेळी करायची, आणि दर वेळी आगलावे आणखी जपून बोलायचा. 'दमलात का?' एकदा तो म्हणाला. 'बसा. काम कुठं पळून जातंय?' वैजूनं हातातली भाजी खाली ठेवली. दमलात का, हे तिला याआधी कुणी कधी विचारलं होतं, ते तिला आठवेना. नवरा चांगला होता, पण विचारणाऱ्यातला नव्हता. आता कधीकधी ती खरंच रडायची. नवऱ्यासाठी, आईसाठी, माहेरच्या विहिरीवरच्या रामफळाच्या झाडासाठी. आणि रडून झालं की बरं वाटायचं. हे तिनं अक्काला सांगितलं नाही, आणि मंडळात तर नाहीच. सगळं गाव ज्याला ऐकून पोट धरतंय, त्याला ऐकून आपण रडतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

सांगायची गरज पडली नाही. फाल्गुनात सत्यजित न कळवता आला, चहा घेतला आणि म्हणाला की तो आईला पुण्याला न्यायला आलाय.

मण्याची आणखी एक सोय होती. लांब राहणाऱ्या मुलाला आईची खुशाली मोबाइलवर कळायची. झोप, नाडी, आणि मन. सत्यजितनं मोबाइल पुढं धरला. आई दर गुरुवारी रडते. नुसती गुरुवारी नाही, भाकरी करताना, भांडी घासताना, मोठ्या आईशी, म्हणजे अक्काशी, बोलतानासुद्धा. सत्यजितचा फ्लॅट लहान, एकच खोली मोकळी होती. मोठ्या आईसाठी तो रोज येणारी बाई बघून देणार होता. सगळं ठरवूनच आला होता.

"माझ्या कानात बसून माझीच चुगली?" वैजू म्हणाली. तिनं सांगून बघितलं की ती काही रडत नाही. पण रामफळाचं झाड तिला आठवलं आणि शेवटच्या शब्दाला आवाज डळमळला. सत्यजितनं तेवढं बरोबर ऐकलं.

"तू पहिल्यापासून असंच म्हणायचीस, आई," तो म्हणाला आणि बॅगा उतरवायला माळ्यावर चढला.

अक्का स्वयंपाकघरात गेली. तिनं बरणीतलं लिंबाचं लोणचं दोन डब्यांत काढलं, मेतकूट बांधलं, वैजूच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली फडक्यात गुंडाळली. सगळं भरून झाल्यावर भिंतीला टेकून बसली.

"माझ्याशी बोलताना पण रडत होतीस?" तिनं विचारलं. "जन्म गेला गं शेजारी बसून. मी आपली बडबडत होते. मला वाटायचं, बरं चाललंय आपलं."

वैजूनं तेलाची बाटली पुन्हा एकदा फडक्यात गुंडाळली. मोबाइलमध्ये लिहिलंय म्हणजे असेल, असंही तिला क्षणभर वाटून गेलं. माणसाचं असंच होतं. कुणी चारदा विचारलं, बरं नाही का, की अंग कोमट लागायला लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. सत्यजित सोप्यात गाडीची वाट बघत होता. वैजूनं देवासमोर दिवा लावला. देव्हारा तोच, फक्त सोप्यातून आता स्वयंपाकघरात आणलेला; टाकही तोच. जाताना देवाला सांगून जावं म्हणून ती हात जोडून उभी राहिली, आणि आत्याबाई बोलायच्या तसंच तिच्या तोंडून आलं, "खंडेराया, थोरलीकडं लक्ष ठेव. रात्री जेवत नाही ती. नुसता चहा पिते."

मागं अक्का लोणच्याचे डबे पिशवीत घालत होती. मान वर न करता, ओठ न हलवता, त्या जुन्या जाड आवाजात ती म्हणाली, "बाई, माझ्याच घरात दोन हाईत. मी तुला काय सांगू?"

वैजूचा हात पदराकडे गेला. बोळा तोंडात गेला, तोंड भिंतीकडं वळलं, खांदे हलायला लागले. डोळ्यांतून धारा लागल्या. अक्का पुढं म्हणाली, "ही म्हणते तिला पुण्याला धाड, ती म्हणते हिला. माझा भंडारा संपला, पर यांचं संपंना." वैजू देव्हाऱ्याखालीच बसली.

सोप्यात सत्यजितचा मोबाइल वाजला. तो धावत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला. आत पाऊलच टाकेना. पाठमोरी आई, तोंडात पदर, गदगदणारे खांदे. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"आई, नको रडू. नाही नेत मी तुला. जबरदस्ती नाही."

"अरे," अक्का म्हणाली, "हसतीय ती."

सत्यजितनं मोबाइल पुढं केला. त्यात 'रडणे' असंच लिहिलेलं होतं. अक्कानं तो मोबाइल घेतला, लोणच्याच्या डब्यावर पालथा ठेवला आणि वैजूचा खांदा धरून तिला वळवलं. "बघ तिच्या तोंडाकडं."

वैजूनं पदर काढला. ओल्या गालांचं, लाल नाकाचं, पण नक्की हसणारं तोंड होतं ते. श्वास घ्यायला तिला वेळ लागला.

सत्यजित उंबऱ्यावरच बसला. मग त्यानं जे सांगितलं ते तो खाली बघूनच सांगत होता. लहानपणी शाळेत जायच्या आधी तो याच उंबऱ्यावर यायचा. सोप्यात आजीची बोलणी चाललेली असायची आणि आत आई भिंतीकडं तोंड करून अशीच हलत असायची. काय झालं विचारलं की म्हणायची, काही नाही, कांदा चिरतेय. चुलीवर तर भाकरी असायची. पुढं त्याला कळायला लागलं, निदान त्याला तसं वाटलं. आजी गेली तेव्हा तो रडला नव्हता. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आईला या स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला इथं त्रास आहे," तो म्हणाला. "मण्यानं सांगितलं तेव्हा मला नवल वाटलंच नाही."

वैजू त्याच्याजवळ जाऊन बसली. आजीची थट्टा होतेय, हे नातवाला कसं सांगायचं? म्हणून कांदा. त्या कांद्यानं पोराच्या मनात एवढं घर केलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि मण्याचं तरी काय चुकलं? रडताना तोच पडदा हलतो, तेच धक्के बसतात. फरक एवढाच, की हसताना श्वास बाहेर पडतो आणि रडताना आत कोंडतो. मण्याला शिकवलं होतं ते मोकळेपणी हसणाऱ्या माणसांकडून. श्वास कोंडून हसणाऱ्या सुना त्या शिकवणीत कुणी बसवल्याच नव्हत्या.

"मग रडायचीस ते कधीच नाही?" सत्यजितनं विचारलं.

वैजूनं ओल्या पदराकडं बघितलं. खोटं सांगायला पुन्हा कांदाही जवळ नव्हता.

"असायचं की ते पण," ती म्हणाली. "पदर एकच होता रे. दोन्ही त्यातच."

सत्यजितनं मान हलवली. बाहेर गाडीनं हॉर्न दिला. तो उठून गेला आणि गाडी परत पाठवून आला. अक्कानं लोणच्याचा एक डबा उघडून ताटात वाढायला घेतला आणि म्हणाली, भरलंय ते आता कोण परत बरणीत घालत बसणार, जेवून जा.

रविवारी मुल्लाभाईंनी तोड काढली. दोन मणी एकत्र जोडता येतात, म्हणाले. मग एकाच आगलावेवर दोन कान. मंडळातल्या बऱ्याच जणांनी आता तसं केलंय, एकटं हसून कंटाळा आला म्हणून. मण्याला वैजूचं हसू ओळखायलाही शिकवता येईल, चार-दोन वेळा दाखवलं की झालं. वैजूनं मणी जोडून घेतले. शिकवायचं मात्र नको म्हणाली. अधूनमधून दुपारी, अक्का आडवी झाली की ती आपला मणी सोडवते आणि एकटीच ऐकते. 'दमलात का?' आगलावे विचारतो, 'बसा.' ती बसते. अक्काला ते माहीत आहे. ती कूस बदलते आणि झोपेचं सोंग घेते.

गुरुवारी मात्र दोघी पाटावर समोरासमोर. पेला वाजतो. आगलावे घसा खाकरतो. "ऐकतंय कोण?"

"हाय की!" दोघी म्हणतात.

गेल्या गुरुवारी आगलावेनं चुलत्याचा ट्रॅक्टर पोरगी बघायला नेल्याची गोष्ट सांगितली. अक्का मोठ्यानं, वैजू पदरात. संपेपर्यंत भाजी तशीच राहिली होती. तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"आई," ऑफिसातून हळू आवाजात सत्यजित म्हणाला, "मोबाइल सांगतोय, आज तू फार रडलीस."

"हो रे बाबा," वैजू डोळे पुसत म्हणाली. "पोट दुखेपर्यंत."